‘काइंड ऑफ ब्लू’ची कोणती प्रत घ्यावी? आणि सोबत आणखी दोन रेकॉर्ड

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ एलपी, सीडी, फाइल, स्ट्रीमिंग अशा सगळ्या रूपांत मिळतो आणि त्याच्या नव्या आवृत्त्या सतत येत असतात. कव्हरवरचा निळसर फोटो तोच असतो, गाण्यांची नावंही तीच. तरी दोन प्रती शेजारी-शेजारी लावल्या की एक चढी लागते आणि दुसरी तिच्या खाली. हा फरक भासाचा नाही, ट्यूनर (स्वर मोजणारं उपकरण) लावून मोजता येतो. म्हणून हा रेकॉर्ड ‘घ्यावा का’ यावर फार बोलण्यात अर्थ नाही. जॅझमधला एकच रेकॉर्ड घरात ठेवायचा असेल, तर तो हाच ठेवावा. प्रश्न आहे तो कोणती प्रत घ्यावी याचा.

आधी मूळ गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या ३०व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. जुन्या चर्चच्या इमारतीतला, जवळपास १०० फूट उंच छताचा. तिथे १९५९ साली दोन दिवसांत हे रेकॉर्डिंग झालं. २ मार्चला ‘फ्रेडी फ्रीलोडर’, ‘सो व्हॉट’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’. २२ एप्रिलला ‘फ्लेमेंको स्केचेस’ आणि ‘ऑल ब्लूज’. मार्चची तिन्ही गाणी पहिल्या बाजूवर गेली, एप्रिलची दोन दुसऱ्या बाजूवर. टेप तीन ट्रॅकची होती आणि दोन मशीनं एकाच वेळी चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. मार्चच्या दिवशी मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत जलद आणि वरच्या स्वरात ऐकू येतं. ऑगस्ट १९५९ मध्ये रेकॉर्ड निघाला तो याच टेपवरून. पहिली बाजू साधारण पाव स्वर चढी आणि दुसरी बाजू अगदी बरोबर, अशा अवस्थेत तो पुढे तीसेक वर्षं विकला गेला. १९९२ च्या सोनेरी सीडीसाठी पहिल्यांदा राखीव टेप काढली गेली. त्या मशीनचा वेग बरोबर होता. १९९७ मध्ये सगळा रेकॉर्ड तीन ट्रॅकच्या टेपवरून नव्याने मिक्स झाला, तेव्हाही पहिल्या बाजूसाठी तीच टेप वापरली. त्यानंतरच्या कंपनीच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्या या दुरुस्त वेगाच्या आहेत.

आपली प्रत कोणती हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे गाण्याची लांबी. दुरुस्त आवृत्तीत ‘सो व्हॉट’ ९:२२, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ९:४६ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ ५:३७ असतं. जुन्या वेगात प्रत्येक गाणं १० ते २० सेकंदांनी कमी भरतं. सीडी आणि स्ट्रीमिंगला हे पुरतं, कारण आकडा समोर दिसतो. एलपीच्या कव्हरवर छापलेल्या वेळेवर मात्र भिस्त ठेवू नये. कव्हर बरेचदा जुनंच पुन्हा छापतात.

एलपीची खरी परीक्षा स्वराने होते आणि ती दुसऱ्या बाजूपासून सुरू करावी. बरेच जण थेट ‘सो व्हॉट’ लावून ट्यूनर धरतात आणि स्वर चढा दिसला की प्रतीला दोष देतात. चूक टर्नटेबलची असू शकते. दुसरी बाजू सगळ्याच प्रतींत बरोबर असल्यामुळे तीच आपली मोजपट्टी. ‘ऑल ब्लूज’ लावा. हे गाणं जीमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच. सहा मात्रांच्या चालीत बास तीच आकृती घोळवत राहतो, त्यामुळे ट्यूनरला स्वर पकडायला भरपूर वेळ मिळतो. इथेच काटा जीच्या वर सरकत असेल, तर टर्नटेबल जोरात फिरतंय. आधी पट्टा, मोटरची पुली आणि वेगाचा स्क्रू तपासा, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग स्ट्रोब चकतीवर (वेग तपासायची रेघांची चकती) बसवा. टर्नटेबल एक टक्का जलद असेल तर स्वर अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा चढतो. तालमीच्या कानाला तो खटकतोच.

‘ऑल ब्लूज’ जीवर बसलं की मग बाजू पालटा. ‘सो व्हॉट’च्या सुरुवातीला पियानो आणि बासचा ठेक्याविना चाललेला छोटा संवाद आहे. तो संपला की पॉल चेंबर्सची बासची प्रसिद्ध ओळ येते आणि तिला दोन कॉर्डचं (एकत्र वाजवलेल्या स्वरांचं) उत्तर मिळतं. ती ओळ डीवर, म्हणजे पांढरी दोनवर उभी आहे. काटा डीवर थांबला तर प्रत दुरुस्त वेगाची. पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळला तर जुना वेग. हार्मोनियमवर पडताळायचं असेल तर पेटीचा ए स्वर ४४० हर्ट्झला लावलेला आहे याची खात्री आधी करा, नाहीतर सगळाच हिशेब चुकेल.

जुन्या वेगाची चांगली प्रत आधीपासून घरात असेल तर ती टाकून द्यायची गरज नाही. टर्नटेबलला पिच कमी-जास्त करायची पट्टी असेल, तर फक्त पहिल्या बाजूसाठी ती दोन-तीन टक्के खाली घ्या. आकड्यावर जाऊ नका, बासची ओळ डीवर बसेपर्यंत हळूहळू उतरवा. बाजू पालटताना पट्टी शून्यावर आणायला विसरू नका.

पाव स्वराने एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. ‘ब्लू इन ग्रीन’ दोन्ही वेगांत लागोपाठ ऐका. माइल्स इथे ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावून वाजवतो, माइकच्या अगदी जवळ. जुन्या वेगात तो सूर थोडा पातळ आणि घाईत असल्यासारखा येतो. बरोबर वेगात त्याच सुराला वजन येतं, दोन फुंकींमधला श्वास पुरता मिळतो आणि बिल इव्हान्सच्या पियानोचे खालचे स्वर गोल होतात. दहा बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा खंड) छोटं आवर्तन आहे, त्यात घाईला जागाच नाही. दुरुस्त वेगाची प्रतच घ्या, असं ठामपणे सांगण्यामागे हे एक गाणं पुरेसं आहे.

रागसंगीत ऐकणाऱ्याला या रेकॉर्डमध्ये शिरायला दार फार जवळ आहे. तोवरच्या जॅझमध्ये वादकाला दर एक-दोन बारला बदलणाऱ्या कॉर्डांमागे धावावं लागे. इथे त्याला एक स्वरसप्तक देऊन मोकळं सोडलं आहे. ‘सो व्हॉट’ ३२ बारचं आवर्तन आहे. पहिले १६ बार डी डोरियन, म्हणजे पांढरी दोनमधला काफी थाट. मग आठ बार तोच काफी अर्धा स्वर वर, काळी दोनमध्ये. शेवटचे आठ पुन्हा खाली. एवढाच सांगाडा. माइल्स आणि सॅक्सोफोन वाजवणारे कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली दोन-दोन आवर्तनं घेतात, इव्हान्स एक. अर्धा स्वर वर सरकताना प्रत्येक जण ती चढण कशी पार करतो, तिकडे लक्ष ठेवलं की हे गाणं उलगडतं. माइल्स तिथे सूर कमी करतो, कोल्ट्रेन वाढवतो. ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये पाच सप्तकं लागोपाठ येतात: पहिलं सी मेजर, म्हणजे बिलावल, दुसरं खमाजच्या अंगाचं, तिसरं पुन्हा बिलावल पण काळी पाचमध्ये, चौथं भैरवीजवळचं आणि पाचवं काफी. एका सप्तकात किती वेळ राहायचं हे वाजवणारा ठरवतो. चौथ्या सप्तकात शिरताना हवा बदलल्यासारखी वाटते, ती त्यातल्या कोमल रिषभामुळे.

प्रत चांगली निघाली आहे का हे पाहायला एक जागा सांगतो. ‘सो व्हॉट’मध्ये साधारण दीड मिनिटाला धून संपते आणि माइल्सचा एकल भाग सुरू होतो, नेमक्या त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. चांगल्या प्रतीत टोल्याचा आघात आधी येतो, मग धातूचा गोल नाद, आणि तो नाद त्या उंच खोलीत विरत असताना ट्रम्पेटचे पहिले सूर त्याच्यातून वाट काढतात. विरण्याला चांगले काही सेकंद लागतात. टेपवरून उतरवताना आवाज दाबून सपाट केलेल्या प्रतीत टोला ‘छस्स’ करून पुढच्या ठेक्यात मिसळून जातो, मागची शेपटी कापलेली. दुकानात ऐकून घ्यायची सोय असेल तर एवढाच तुकडा ऐका.

स्टीरिओत माइल्स मधोमध, कोल्ट्रेन डाव्या बाजूला आणि अ‍ॅडरली उजव्या बाजूला असतो. सॅक्सोफोन उलट बाजूला येत असतील तर स्पीकरच्या किंवा कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) तारा अदलाबदल झाल्या आहेत. मागे ड्रमच्या तारांची हलकी झणझण येते, ती खोट नाही. बाकीची वाद्यं वाजली की त्या तारा थरथरतात आणि माइकने ते टिपलं आहे. ‘फ्रेडी फ्रीलोडर’चा पियानो वेगळा वाटला तर तोही भ्रम नाही, त्या एका गाण्यात विंटन केली बसला आहे, म्हणून तिथे ब्लूज जास्त रसरशीत आहे. आणि अगदी जुनी प्रत हाती आली, तर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावं उलट छापलेली असू शकतात. सहा मात्रांचं ते ‘ऑल ब्लूज’, लेबल काहीही म्हणो.

स्वस्त प्रतींबद्दल सावध राहा. युरोपात १९५९ चं ध्वनिमुद्रण पन्नास वर्षांनी हक्कमुक्त झालं, म्हणून तिथून वेगवेगळ्या नावांनी प्रती निघतात. त्यांतल्या अनेक एलपींचे चर सीडीवरूनच कापलेले असतात आणि कव्हरवर मूळ टेपचा उल्लेख नसतो. त्यापेक्षा १९९७ ची साधी सीडी चांगली. तिच्यावर ‘फ्लेमेंको स्केचेस’चा दुसरा पूर्ण टेकही आहे. ‘१८० ग्रॅम’ या शिक्क्याला भुलू नका. जाड तबकडी कमी वाकते, एवढाच तिचा गुण. आवाज ठरतो टेप कोणती आणि कापणारा कोण यावर. नवी एलपी आणली की सुई ठेवून टोनआर्मकडे (सुईच्या दांड्याकडे) बाजूने पाहा. तो प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मधोमध नाही. ‘ब्लू इन ग्रीन’मधले लांब सूर मग आंदोलन घेतल्यासारखे डगमगतात. ती प्रत बदलून घ्यावी, कोणत्याही सेटिंगने ती सुधारत नाही.

दुसरा रेकॉर्ड ब्लूजचा: मडी वॉटर्सचा ‘फोक सिंगर’. चेस कंपनीसाठी सप्टेंबर १९६३ मध्ये शिकागोत मुद्रित झालेला आणि १९६४ मध्ये निघालेला. विजेच्या गिटारने शिकागोचा ब्लूज घडवणारा हा माणूस इथे साध्या गिटारवर बसला आहे. सोबत बडी गाय दुसऱ्या गिटारवर, विली डिक्सन उभ्या बासवर आणि ड्रमवर क्लिफ्टन जेम्स. नऊ गाणी आहेत. स्पीकर किंवा हेडफोन तपासायला लोक हा रेकॉर्ड वापरतात, ते योग्यच आहे. मडी एका ओळीत कुजबुजतो आणि पुढच्या ओळीत छातीतून हाक मारतो, आणि दोन्हींमधलं अंतर कुणी दाबलेलं नाही.

ऐकणारे चुकतात तेही याच कारणाने. ‘माय होम इज इन द डेल्टा’ हळू सुरू होतं म्हणून आवाज वाढवतात, आणि करंगळीतली स्लाइड (तारेवर सरकवायची नळी) तारेवर आपटली किंवा मडीने हाक दिली की अ‍ॅम्प्लिफायर फाटतो. उलटं करा. आधी सगळ्यात मोठ्या हाकेपर्यंत गाणं पुढे न्या, तिथे आवाज सहन होईल एवढा ठेवा आणि मग सुरुवातीला या. हळू ओळी हळूच ऐकू येऊ द्या. खोली शांत हवी, पंखा बंद. हाकेच्या टोकाला थोडी खरखर उरली तर प्रत बदलण्याआधी सुई आणि तिचं वजन तपासा, कारण कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा कमी भार ठेवला तर सुई अशा जागी चराच्या भिंतीवरून उडते. भार कमी म्हणजे रेकॉर्डची झीज कमी, ही समजूत खोटी आहे. उडणारी सुईच जास्त घासते.

नंतरच्या सीडीवर आणखी पाच गाणी जोडली आहेत. ती १९६४ च्या वेगळ्या सत्रांतली आहेत आणि त्यांची हवा निराळी आहे. पहिल्यांदा ऐकताना नवव्या गाण्यानंतर थांबवा. ते नववं गाणं, ‘फील लाइक गोइंग होम’, मडी एकटाच गातो-वाजवतो. हेच गाणं त्याने १९४८ मध्ये अ‍ॅरिस्टोक्रॅट कंपनीसाठी विजेच्या गिटारवर गायलं होतं आणि तिथून त्याचं नाव झालं. दोन्ही लागोपाठ ऐकण्यासारखी आहेत.

तिसरा रेकॉर्ड रॉकचा, पण त्याची मुळं वरच्या दोन्हींत आहेत. ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’, ऑलमन ब्रदर्स बँड, न्यूयॉर्क, १२ आणि १३ मार्च १९७१. निर्माता टॉम डाउड. बँडचा गिटारवादक डुएन ऑलमनने स्वतः सांगून ठेवलं आहे की त्याची लांब वादनाची पद्धत माइल्स आणि कोल्ट्रेनवरून आली, विशेषतः ‘काइंड ऑफ ब्लू’वरून. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ऐकताना ते पटतं: कॉर्ड थोडे, जागा भरपूर, आणि प्रत्येक वादक एकेक सूर मांडत चढत जातो. उरलेला अर्धा भाग ब्लूजचा आहे. ‘स्टेट्सबोरो ब्लूज’मध्ये डुएन गिटार मोकळ्या ईमध्ये (तारा नुसत्या छेडल्या तरी ई कॉर्ड वाजेल अशी) लावून औषधाच्या काचेच्या बाटलीने स्लाइड वाजवतो, आणि पहिल्या सुरापासून ती गिटार गात असते.

या रेकॉर्डमध्ये वेगाची भानगड नाही, कापाकापीची आहे. मूळ एलपीत ‘स्टॉर्मी मंडे’मधला हार्मोनिकाचा एकल भाग काढलेला आहे. १९९२ च्या ‘द फिलमोर कॉन्सर्ट्स’ या दोन सीडींच्या संचात तो परत आला, पण त्या संचाचं मिक्स नवं आहे आणि काही गाणी वेगवेगळ्या प्रयोगांचे तुकडे जोडून केली आहेत. पहिली खरेदी मूळ सात गाण्यांची असावी. ती एका सीडीत मावतात आणि त्यांचा क्रम नीट विचार करून लावलेला आहे. २०१४ मध्ये निघालेला सहा सीडींचा संच त्या दोन दिवसांचे चारही प्रयोग आणि २७ जूनचा प्रयोग पूर्ण देतो. एकच गाणं चार वेळा कसं बदलतं हे ज्याला पाहायचं आहे त्याने तो घ्यावा. नवख्याला तो जड जाईल.

एलपीवर घ्यायचा तर चौथ्या बाजूचा विचार करा. ‘व्हिपिंग पोस्ट’ जवळपास २३ मिनिटांचं आहे आणि अख्खी बाजू व्यापतं. इतकं लांब संगीत एका बाजूत बसवायला चर जवळजवळ कापावे लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. त्यात गाण्याचा सगळ्यात चढलेला भाग लेबलाजवळ येतो, जिथे एका फेरीत सुईला मिळणारं अंतर सगळ्यात कमी असतं. तिथे झांजा खरखरतात. कार्ट्रिजचा कोन त्यासाठीच्या मोजपट्टीवर ठेवून नीट लावला नसेल तर ही खरखर दुप्पट जाणवते. म्हणून या एका गाण्यासाठी सीडी किंवा फाइलच बरी.

त्याच ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात बेरी ओकलीचा बास करतो, अकरा मात्रांत: तीन, तीन, तीन, दोन. हाताने मोजून पाहा. शेवटचे दोन आले की समेवर पाय अडखळतो, आणि गायन सुरू झालं की बँड बारा मात्रांत सैल होतो. शेवटच्या टाळ्यांकडेही लक्ष द्या. आवाज विरत जाताना मागे टिम्पनीचे (नगाऱ्यासारख्या मोठ्या ड्रमचे) ठोके सुरू झालेले ऐकू येतात. ती पुढच्या ‘माउंटन जॅम’ची सुरुवात आहे. ते ३३ मिनिटांचं वादन १९७२ च्या ‘ईट अ पीच’वर आलं, एलपीत दोन बाजूंवर तोडून. सीडीवर ते सलग आहे, तिथेच घ्या.